खडीच्या कामावरचे डॉक्टर

बाकीचे डॉक्टर जमले की पेशंटचे किस्से सांगतात. आम्हा पब्लिक हेल्थवाल्यांना पेशंटच नसतात, तेव्हा आम्ही एकमेकांचेच सांगतो. साठा भरपूर आहे. दरवर्षी नवी बॅच येते ना!

बहात्तरच्या दुष्काळात आमची बॅच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा डिप्लोमा करणारे सहा एम.बी.बी.एस., मिरजगावच्या पुढे एका दुष्काळी कामावर फील्ड ट्रेनिंगला गेली. खडी फोडायला गावोगावची माणसं आलेली, पाणी टँकरचं, आणि शेजारच्या साइटवर कॉलरा सुरू झालेला. तो आमच्या साइटवर येऊ द्यायचा नाही, एवढंच काम. तिथल्या शिंदे सिस्टरनी ते एकट्यांनी केलं असतं. पण मदतीला आम्ही होतो!

*

आमचे प्रोफेसर पुण्याहून जीपनं आले, ते थर्मासमध्ये उकळलेलं पाणी घेऊन. टँकरच्या पाण्यात औषध टाकलंय, बिनधास्त प्या, असं त्यांनी तासभर समजावलं. घसा कोरडा पडला. एका म्हातारीनं तांब्या पुढे केला.

"नको नको, माझं आहे," म्हणत सरांनी थर्मास उघडला.

म्हातारी म्हणाली, "मंग आमालाबी त्यातलंच द्या की!"

*

मुंबईचा कर्णिक सर्व्हे करत होता. "माणशी रोज किती पाणी वापरता?"

"आज टँकर आला न्हाई. तुमीच सांगा, किती लिवायचं?" बाई म्हणाली.

कर्णिकनं प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. फॉर्म तपासताना सर भडकले. "शून्य पाण्यावर माणूस जगतो का? हा फॉर्म बाद!"

टँकर दुसऱ्या दिवशीही आला नाही. तो फॉर्म मात्र कर्णिकला पुन्हा भरावा लागला.

*

याच कर्णिकनं साबणानं हात कसे धुवायचे ते बायकांना करून दाखवलं. चांगली बादलीभर पाणी घेऊन! एकीनं मुकाट्यानं खाली घमेलं धरलं.

"धुवा डाक्टर, सावकाश धुवा. लेकराची चिरगुटं भिजवायची हायेत."

*

तोंडी परीक्षेत सरांनी एकाला विचारलं, "साइटवर कॉलरा आला. सर्वांत आधी काय कराल?"

"कमिटी नेमीन, सर!"

पैकीच्या पैकी मार्क.

*

आता पानसेचा. पानसे बॅचमधला सर्वांत हुशार, त्याला प्रबंध लिहायचा होता. कॉलऱ्याची लस आली तेव्हा त्यानं ठरवलं, ओढ्यापलीकडच्या झोपड्यांना टोचायचं, अलीकडच्यांना नाही. मग कुठे किती आजारी पडतात ते मोजायचं. सर खूश!

"आन् अलीकडच्यांना कवा टोचायचं?" सिस्टरनी विचारलं.

"टोचायचं नाही. ते कंट्रोल. त्यांच्याकडे नुसतं बघायचं."

"लस तर समद्यांना पुरंल इतकी हाय, डॉक्टर. अलीकडं माझी आई ऱ्हाती."

"उत्तम!" पानसे म्हणाला. "म्हणजे रोजची नोंद ठेवायला तुम्हाला सोपं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी वहीत रकाने आखत बसलो होतो, त्याची लाज अजून वाटते.

दुपारी आम्ही जेवायला रेस्ट हाउसवर गेलो. परत आलो तर सिस्टर सिरिंजा उकळत होत्या.

"पलीकडचं झालं?" पानसेनं विचारलं.

"झालं, डॉक्टर."

लसीची सगळी खोकी रिकामी होती. पानसेचं लक्ष नव्हतं. माझं होतं, पण मी गप्प बसलो.

महिनाभर आम्ही मोजत होतो. पलीकडे एकही केस नाही. अलीकडेही नाही! पानसेचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत गेला. शेवटी त्यानं सिस्टरना बोलावून घेतलं.

"अलीकडे खरंच कुणी आजारी पडलं नाही? नीट आठवा."

"न्हाई, डॉक्टर," सिस्टर मान खाली घालून म्हणाल्या. "चुकलं."

प्रबंधाला पहिला नंबर मिळाला. निष्कर्ष एका ओळीचा होता: 'लस टोचलेले आणि न टोचलेले यांच्यात काहीही फरक आढळला नाही.'