भुजंग मिस्त्रीचा उलटा बोल्ट

वाटूरच्या फाट्यावर तेव्हा दोन मिस्त्री होते, रामकिसन आणि भुजंग. रामकिसनकडे ट्रॅक्टर सकाळी टाकला तर संध्याकाळी मिळायचा. भुजंगकडे टाकला, तरी संध्याकाळीच मिळायचा. फक्त कोणत्या दिवशीच्या, ते विचारून घ्यावं लागायचं.

आपण हळू आहोत हे भुजंगला मान्य होतं. त्याचा बाप बद्रीनाथ मेंढरं राखायचा. लोकर कातरताना कातर कातडीला लागू नये म्हणून बद्रीनाथ आधी लोकरीत बोटं फिरवून अंदाज घ्यायचा, आणि पोरालाही त्यानं तेच शिकवलं. पुढं भुजंग जालन्याला गॅरेजात लागला. मेंढरं मागं राहिली, बोटं मात्र बरोबर गेली.

तरी पहिल्याच वर्षी त्यानं घाई केली. इंजिनात क्रँक असतो, सगळं इंजिन फिरवणारा वजनदार दांडा. त्याच्या तोंडाशी भोक असतं आणि त्या भोकात पुलीचा मोठा बोल्ट बसतो. तो बोल्ट तिरका लागला. जाईना, म्हणून भुजंगनं पान्याला हातभर पाईप जोडला आणि जोर केला. बोल्ट गेला. बोल्टाबरोबर भोकातले आटे गेले, आट्यांबरोबर अख्खा क्रँक भंगारात गेला. उस्तादानं शिवी दिली नाही, हात उचलला नाही. तो बोल्ट भुजंगच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "ह्यो खिशात ठेव. जल्दी झाली का हात लावत जा याला."

तो बोल्ट आता भुजंगच्या किल्ल्यांना लटकलेला असायचा. त्याच्या वजनानं पायजम्याचा एक खिसा कायम गुडघ्याकडे निघालेला दिसायचा.

तेव्हापासून त्याची रीत ठरली. पाना लांब ठेवायचा. भोक डिझेलनं धुवायचं, हवा मारायची, बोल्टाच्या आट्यांना तेलाचं बोट लावायचं. मग बोल्ट भोकावर सरळ धरून दोन बोटांनी आधी उलटा फिरवायचा, सोडवताना फिरवतात तसा. फिरता फिरता एका जागी तो 'टक' करून किंचित खाली बसतो. आटा आट्याला सापडला. तिथून सुलटा, आणि तोही बोटांनीच, जाईल तिथवर. बोटांनी जात नसला तर काहीतरी चुकलंय. त्या चुकीवर पाना चालवला की ती कायमची होते.

हे इंजिनापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण भुजंग बॅटरीचं टोपणही आधी उलटं फिरवायचा, आणि लोणच्याच्या बरणीचं झाकणही. त्याची बायको उषाबाई कावायची.

"अवो, लोणचं हाय ते, इंजिन न्हाई!"

"झाकणाला आटे असतेत ना?"

"लग्नात सात फेरेबी आधी उलटे घेतले असते तुम्ही. भटजी जागा होता म्हणून निभावलं!"

फाट्यावर त्याचं नावच 'उलटा भुजंग' पडलं होतं.

एकोणनव्वद सालच्या माघात आष्टीच्या काकासाहेबांच्या ट्रॅक्टरचा क्रँक मोडला. मोडला तो नेमका भुजंगच्या पत्र्याच्या शेडसमोर. रामकिसनची शेड रस्त्याच्या पलीकडे होती, पण एवढ्या मोठ्या माणसानं भर बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर ढकलत रस्ता ओलांडायचा, हे काकासाहेबांना बरं दिसेना. म्हणून काम भुजंगला मिळालं.

नवा क्रँक औरंगाबादहून आला, आणि तोही अखेरचा. दुकानदारानं सांगितलं होतं, दुसरा आता पाडव्याच्या नंतर. इकडं ज्वारी काढून खळ्यावर पडलेली, आणि मळणीयंत्र चालायचं ते ह्याच ट्रॅक्टरवर.

"मिस्त्री," काकासाहेब चारचौघांत म्हणाले, "क्रँकच्या आट्याला धक्का लागला ना, तर या फाट्यावर पुन्हा पाना धरू देणार न्हाई तुला."

भुजंग हो म्हणाला आणि खिशावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं क्रँक धुतला, हवा मारली, पुलीचा बोल्ट बोटांनी तळापर्यंत नेऊन पाहिला. लोण्यात जावा तसा गेला. मग बोल्ट काढून, क्रँक तोंड वर करून शेडमध्ये उभा केला, वर फडकं टाकलं आणि घरी भाकरी खायला गेला. परत आला तेव्हा काकासाहेब आणि त्यांची माय गोपिकाबाई जीपमधून येऊन बसले होते. गोपिकाबाईंच्या मांडीवर झाकलेलं ताट होतं. क्रँक पुसून लख्ख केलेला दिसला. काकासाहेबांनी काम हलकं केलं म्हणून भुजंगला जरा नवलच वाटलं.

दुपार कलेपर्यंत क्रँक बसला, पुली चढली. राहिला तो एकच मोठा बोल्ट. तोवर बघायला दहा-पंधरा माणसं जमली होती. रामकिसनही हात पुसत रस्ता ओलांडून आला.

भुजंगनं बोल्ट धरला. उलटा फिरवला. टक. सुलटा फिरवला. एक आटा, दोन, तीन, चार, आणि पाचव्याला बोल्ट थांबला.

त्यानं बोल्ट मागं घेतला, पुन्हा लावला. पुन्हा पाचव्यालाच थांबला.

"जाईना का?" काकासाहेबांनी विचारलं.

"सकाळी तळाला गेल्ता."

"मंग आता काय रुसला?" रामकिसन हसला. "पाईप आणू का? दोन झटके, काम बराबर."

आणलाच त्यानं पाईप. काकासाहेबांनी तो हातात घेऊन भुजंगपुढं धरला. "घे. खळ्यावर माणसं बसून राह्यली माझी."

"न्हाई लावणार."

"अरे, मालक मी का तू?"

"ट्रॅक्टराचे मालक तुम्ही," भुजंग म्हणाला. "आट्याला मालक न्हाई, काकासाहेब. गेला की गेला. सकाळी जायचा अन् आता जात न्हाई, म्हंजे मधी कुणीतरी आलंय."

"भोकात कोण येतं रे? पाहुणा?"

माणसं खदखदा हसली. भुजंगनं कुणाकडं पाहिलं नाही. बोल्ट बाहेर काढला आणि उन्हात धरला. टोकाला लाल लागलं होतं. त्यानं बोल्ट नाकाशी नेला.

"काकासाहेब," तो हळूच म्हणाला, "इंजिनाला हळद-कुंकू कुणी वाहिलं?"

काकासाहेब जीपकडं बघू लागले. जीपमधून बारीक आवाज आला, "म्या."

झालं होतं असं. घरात नवी वस्तू आली की पूजेशिवाय ती वापरायची नाही, हा गोपिकाबाईंचा नेम. भुजंग भाकरी खायला गेला होता तेवढ्यात त्यांनी फडकं काढून क्रँकला हळद-कुंकू वाहिलं होतं, अक्षता टाकल्या होत्या. मिस्त्री कुरकुरेल म्हणून काकासाहेबांनी क्रँक बाहेरून पुसूनही घेतला. पण तोंड वर करून उभा राहिलेला क्रँक, त्याला वरून भोक, आणि म्हातारीचा हात सढळ.

भुजंगनं बारीक तारेचा आकडा केला. भोकातून एक अक्षता निघाली, मग दुसरी, मग आट्यांत तिरका अडकून बसलेला लालभडक तांदूळ. त्यानं तिन्ही दाणे तळहातावर घेऊन काकासाहेबांपुढं धरले.

"हे पाहुणे."

काकासाहेबांच्या हातातला पाईप हळूहळू खाली आला.

"चूक माझीबी हाय," भुजंग म्हणाला. "भोकात बोळा न कोंबता, नुसतं फडकं टाकून जेवाया गेल्तो."

त्यानं काडीला कापूस गुंडाळून डिझेलनं भोक पुसलं, हवा मारली, तेलाचं बोट लावलं. बोल्ट उलटा फिरवला. सगळे कान देऊन उभे होते. टक झाल्याबरोबर दोघातिघांनी माना डोलावल्या. आणि बोल्ट निघाला तो दोन बोटांनी थेट तळापर्यंत. मग कुठं भुजंगनं पाना मागितला. तो रामकिसननंच उचलून दिला.

थोडी जोडजाड झाली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. पत्रे थरथरले, माणसं ओरडली, काकासाहेबांनी तर रामकिसनलाच मिठी मारली, कारण जवळ तोच होता. गोपिकाबाई ताट घेऊन जीपमधून उतरल्या. "माझ्या हातानं लेकाची मळणी बुडाली असती रे बाप्पा!" असं म्हणत त्यांनी उरलेल्या अक्षतांची मूठ भरली आणि भुजंगच्या डोक्यावर उधळली.

धूर बघायला भुजंगनं इंजिनच्या ऑइलचं झाकण उघडं ठेवलं होतं. आशीर्वाद डोक्यावर पडायच्या आत त्याचा तळवा त्या भोकावर होता. मग वाकून गोपिकाबाईंच्या पाया पडला, आणि झाकण लावलं. आधी उलटं.

पुढं भुजंगच्या शेडमध्ये नियमच झाला: आधी बोल्ट, मग पूजा. गोपिकाबाईंनी तो आष्टीत इतका पसरवला की जणू त्यांच्या सासूनंच घालून दिला होता. काकासाहेब दुसऱ्या ट्रॅक्टरलाही रस्ता ओलांडू देईनात. भुजंगनं शेडवर पाटी लावली, 'येथे बोल्ट आधी उलटा फिरवला जाईल', आणि अंबडपासून लोक इंजिनं घेऊन येऊ लागले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका सकाळी भुजंग चहा पीत बसला होता. पलीकडच्या शेडमध्ये रामकिसन एका क्रँकपाशी उकिडवा बसलेला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, दोन बोटांत बोल्ट धरला आणि उलटा फिरवू लागला.

"काय रे रामकिसन!" भुजंग रस्त्यापलीकडून ओरडला. "आला का टक?"

"चूप बस!" रामकिसननं मान वर केली नाही. "ऐकून राह्यलो."