फोटोकाकांचा सफाईदार हात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटोकाकांचा स्टुडिओ आहे. सरकारी ओळखपत्रावर चांगला सज्जन माणूसही नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. काकांच्या फोटोत मात्र खरोखर पकडून आणलेला माणूससुद्धा जावई करून घ्यावा असा दिसायचा. काळी वर्तुळं, पुटकुळ्या आणि दुसरी हनुवटी यांच्याशी काकांचं जुनं वैर. गिऱ्हाईक पाकीट काढेपर्यंत कॉम्प्युटरवर हनुवटी उडालेली असायची. कुणी म्हणालं, "काका, आरशात मी असा दिसत नाही हो," तर काका म्हणायचे, "आरशाला काय कळतंय? त्याला हात आहेत का?"

स्टुडिओच्या वर घर. घरात काका, काकू आणि काकांची धाकटी बहीण. ती शाळेत गणित शिकवायची. एकदा तापाने पडली ती नीट उठलीच नाही. ताप गेला, थकवा मुक्कामाला राहिला. केस धुतले तरी पुढचे कितीतरी दिवस अंथरुणात. उजेड टोचायचा, मोठा आवाज सोसायचा नाही. रक्त तपासावं तर सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. काका म्हणाले, "जरा बागेत चक्कर मारून ये, बरं वाटेल." दादाचा शब्द मोडायचा नाही म्हणून ती चक्कर मारून यायची आणि आठवडाभर पडून राहायची. या आजाराला नाव आहे आणि दमवणं हेच त्यातलं विष आहे, हे शेवटी तिनेच शोधून काढलं. ते ऐकल्यापासून काका बागेवरून जाताना मान खाली घालायचे.

मग तिने पडल्यापडल्या फोनवरून असे आणखी रुग्ण गोळा केले आणि संघटना काढली. खुर्चीवरून भांडण न झालेली मी पाहिलेली ही एकमेव संघटना, कारण इथे प्रत्येकाला खुर्चीपेक्षा खाट हवी होती. मागणी एकच. सरकारच्या दीर्घ आजारांच्या यादीत हा आजार घाला, म्हणजे सरकारी दवाखान्यात उपचार मिळतील आणि आजारपणाची रजा मागताना कुणी आळशी म्हणणार नाही. आरोग्य खात्यातल्या मोठ्या साहेबांनी भेटीची वेळ दिली. बहीण म्हणाली, "दादा, कागद खूप झाले. त्यांना माणसं दाखवूया. आम्ही घरात कसे असतो त्याचे फोटो काढशील?"

काकांना कुणीतरी हातात काम दिल्याचा केवढा आनंद झाला. घरोघर जाऊन, दबक्या पावलांनी, फ्लॅश न मारता त्यांनी फोटो काढले. छान जाड कागदावर छापले, स्वतः बांधणी केली आणि फाइल थेट भेटीच्या दिवशीच बहिणीच्या हातात ठेवली.

त्या एका भेटीसाठी तिने कितीतरी दिवस ताकद साठवली होती. बोलणं बंद, फोन बंद, अंघोळसुद्धा एकाआड एक. काका सोबत गेले, मागच्या खुर्चीवर बसले. साहेबांसमोर ती मुद्देसूद बोलली, वर्गात बोलावी तशी. साहेबांनी फाइल उघडली. पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"हे सगळे आजारी आहेत?"

"हो."

"नाही, तब्येती छान वाटताहेत. ह्या बाई तर विश्रांतीला कुठे थंड हवेच्या ठिकाणी गेल्यासारख्या दिसतात."

बहिणीने फाइल आपल्याकडे फिरवून पाहिली. एकाही डोळ्याखाली काळं नव्हतं. ओठांना रंग होता. गालांवर तकाकी होती. तिने वळून दादाकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

काकांचा हेतू वाईट नव्हता. खरं सांगायचं तर हेतूच नव्हता. हात आपोआप चालला होता, जसा रोज चालतो. आणि मूळ फोटो? ते काम झालं की पुसून टाकायचे, ही स्टुडिओची जुनी रीत. गिऱ्हाइकांना तेच आवडतं.

साहेब सज्जन होते. "पुढच्या बैठकीत परत या, काहीतरी ठोस घेऊन या," म्हणाले. बहीण बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकली आणि खाली बसली. काकांनी तिला उचलून घरी आणलं. त्यानंतर तिची खोली अंधारीच राहिली. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची, तेही बंद झालं.

काकू फटकळ. पण त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "जेवून घ्या." काकांना शिव्या परवडल्या असत्या.

मग काका पुन्हा त्याच घरांच्या पायऱ्या चढले. प्रत्येक दारात सांगायचं, चूक माझी आहे, पुन्हा त्रास देतोय. एक गृहस्थ उशीवरूनच म्हणाले, "काका, तुमच्या फोटोत मी एवढा देखणा दिसलो असेन, तर एक प्रत बायकोला द्या. तिलाही जरा बरं वाटेल." काकांना हसता येईना.

बहिणीची खोली त्यांनी शेवटी ठेवली. दारात उभे राहून म्हणाले, "तुझा नको काढायला."

"घे," ती डोळे न उघडता म्हणाली. "आत्ता घे. आत्ताच तर मी कामाची दिसतेय."

"असं बोलू नकोस गं."

"दादा, मला बोलायला त्रास होतो. घे ना."

काकांनी पडदा बोटभर सरकवला आणि फोटो घेतला.

खाली स्टुडिओत तो चेहरा कॉम्प्युटरवर आला आणि काकांचा हात डोळ्यांखालचं काळं पुसायला गेलाच. त्यांनी काकूंना हाक मारली. "जरा इथे बसतेस का?"

काकू स्टूल ओढून बसल्या. "हात खिशात घाला. छापायचं बटण कुठलं ते सांगा, मी दाबते."

पुढच्या बैठकीला काका एकटेच गेले. साहेब या वेळी सावकाश पाहत होते. एका फोटोवर थांबले.

"ह्या कोण?"

"माझी बहीण. मागच्या वेळी तुमच्यासमोर बसली होती ती."

"त्या? त्या तर किती छान बोलत होत्या."

"हो साहेब. त्या बोलण्यानंतरचा आहे हा."

साहेबांनी फाइल शेजारच्या माणसाकडे सरकवली. मग त्याला सांगितलं, यादीच्या मसुद्यात हा आजार घ्या, तज्ज्ञांची समिती नेमा. निघताना काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या फोटोंनी काम केलं हो."

काकांनी हात सोडवून घेतला.

संघटनेच्या माणसांचे फोन आले, अभिनंदन झालं, गल्लीत मीही त्यांना शाबासकी दिली. ती त्यांनी चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाकिटासारखी परत केली. बहिणीला सांगायला म्हणून जिना चढले, तर काकू बाहेरच उभ्या होत्या.

"आत्ताच डोळा लागलाय. कितीतरी दिवसांनी. उठवू नका."

"चांगली बातमी आहे."

"असू दे. ती काही पळून जात नाही."

काकांनी चपला हातात घेतल्या आणि वरच्या पायरीवर, दाराला पाठ न टेकता, वाजू नये म्हणून, बसून राहिले. खाली स्टुडिओपाशी एक गिऱ्हाईक बराच वेळ बेल वाजवत होतं. काकूंनी खाली जाऊन त्याला सांगितलं, आज फोटो नाही.