तिघंही म्हणाले, चूक माझीच

ती दुपार आठवली की मी आजही गोंधळून जातो. पोलिसाच्या नोकरीत माणसं खोटं बोलतात याची सवय होते, चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालतात याचीही होते. पण एकाच घरातली तीन मोठी माणसं प्रत्येकजण स्वतंत्रपणे ‘चूक माझीच’ असं सांगताहेत, आणि त्यांच्या सांगण्याचा एकमेकांशी काडीचा मेळ नाही, असा प्रकार मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही पाहिला नाही.

मी मूळचा पुण्याचा. शिकायला म्हणून ख्राइस्टचर्चला आलो, दोन-तीन नोकऱ्या केल्या आणि शेवटी इथल्या पोलिसात भरती झालो. आई फोनवर म्हणाली होती, “एवढं शिकून तिकडे हवालदार झालास होय?” नोकरीची शेवटची काही वर्षं मी डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा गावात सार्जंट होतो. उन्हाळ्यात आमच्या ठाण्याला माशा मारायचं काम. शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागली की मात्र अख्खा देश बर्फ बघायला आमच्या हद्दीत. चाकांना साखळ्या न लावता घाटात चढलेल्या गाड्या, हरवलेल्या किल्ल्या, चोरीला गेलेल्या स्की. या स्की बहुतेक वेळा चोरीला गेलेल्याच नसतात, भाड्याच्या सगळ्या सारख्या दिसतात म्हणून कुणीतरी दुसऱ्याची जोडी उचलून नेलेली असते. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून बर्फात आलेले बहाद्दरही मी पाहिलेत.

त्या दिवशी दुपारी वरच्या स्की मैदानावरून ठाण्यात फोन आला. पाच वर्षांचा मुलगा सापडत नाही, अंगात निळं जॅकेट, कुटुंब भारतीय आहे, वारा वाढतोय, लिफ्ट बंद करतोय. इथे डोंगरात माणूस हरवला की शोधाची जबाबदारी पोलिसांची असते. माझा कॉन्स्टेबल गाड्यांच्या एका धडकेसाठी आधीच वर गेला होता. त्याला वायरलेसवर विचारलं, “शेवटचं कुठे दिसलं?” शोधमोहिमेत हा पहिला प्रश्न. तिथूनच सगळं ठरतं, कुणाला कुठे पाठवायचं आणि किती लांबपर्यंत.

तो म्हणाला, “सार्ज, तेच तर कळत नाही. तीन ठिकाणं सांगताहेत.”

मी साखळ्या चढवून निघालो. अर्ध्या घाटात असताना वाहनतळावरच्या एका कामगाराची खबर आली. निळं जॅकेट घातलेलं लहान मूल एका पांढऱ्या व्हॅनमध्ये बसताना त्याने पाहिलं होतं, सोबत एकटा पुरुष. व्हॅन समोरूनच उतरत होती. गाडी आडवी घालून थांबवली. आत निळ्या जॅकेटमध्ये एक मुलगी गाढ झोपलेली, आणि तिचा बाप माझ्याकडे बघून भेदरलेला. त्याने कागदपत्रं दाखवली, मी माफी मागितली. वर पोचलो तेव्हा कळलं की भाड्याने मिळणारी मुलांची सगळीच जॅकेटं निळी होती. मैदानावर निळी जॅकेटं जिकडेतिकडे हिंडत होती आणि त्यातलं नेमकं एक आम्हाला हवं होतं.

आता या कुटुंबाबद्दल. नवरा ख्राइस्टचर्चमध्ये इंजिनिअर, बायको एका कंपनीत आयटीत, पाच वर्षांचा मुलगा, दोन वर्षांची मुलगी. आणि बायकोचे वडील, साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारल्यावर एकुलत्या एका मुलीकडे राहायला आलेले. कानटोपी, वर मफलर, त्यावर जावयाचं जुनं जॅकेट. मुलगा त्यांना आबा म्हणायचा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांचा पहिला जबाब कॉन्स्टेबलने मुलीमार्फत घेतला होता. त्या एका गोष्टीने केवढा घोटाळा केला ते पुढे कळलं.

मी तिघांना वेगवेगळं बसवलं. आधी मुलाच्या आईला भेटलो. माझी मराठी ऐकल्यावर तिला रडू फुटलं.

“माझ्याजवळच होता, सर. तो सरकता पट्टा आहे ना, मुलांना वर नेतो, त्याच्याशेजारी. धाकटीचा हातमोजा पडला म्हणून मी वाकले. वर बघते तर नाही. माझीच चूक आहे. दुसऱ्या कुणाची नाही.”

नवरा भिंतीला टेकून उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. “मी त्याला गाडीपाशी नेलं होतं, खाऊ काढायला. एक फोन आला, मी पाठ फिरवली. संपलं. तुम्ही माझंच नाव लिहा.”

पट्टा आणि वाहनतळ मैदानाच्या दोन टोकांना. एकाच सुमाराला एकच मूल दोन्हीकडे कसं असेल? स्की मैदानाच्या गस्तीपथकातली तरुण मुलं माझ्याकडे बघत होती. मी अर्धी पट्ट्याकडे पाठवली आणि अर्धी वाहनतळाखालच्या उतारावर. बाहेर आता बर्फ आडवा उडत होता. तोंडाने मी हुकूम देत होतो, पण आपण काय करतोय ते माझं मलाच कळत नव्हतं.

आजोबा प्रथमोपचाराच्या खोलीत होते. तिथली परिचारिका म्हणाली की हे गृहस्थ सारखे उठून जातात. ते लॉजमधल्या स्वच्छतागृहाच्या दारासमोर जाऊन उभे राहत आणि मग कुणीतरी हाताला धरून परत आणत. तिने हळूच आपल्या कपाळाला बोट लावून दाखवलं.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. “काका, मी पोलीस आहे. पुण्याचा. नातू कुणाजवळ होता?”

“मुलगी म्हणते तसं लिहा, साहेब.”

“ती म्हणते तिच्याजवळ होता.”

“मग तसंच असेल. तरी चूक माझीच.” ते थांबले. हातात एक छोटा लाल हातमोजा होता, तो उलटसुलट करत राहिले. “पण तो अजून आत आहे.”

“कशाच्या आत?”

“अहो, शू करायला गेलाय. बाहेर आलेला नाही.”

मी कॉन्स्टेबलकडे पाहिलं. तो म्हणाला की ती जागा त्याने स्वतः तपासली होती. दोनदा. रिकामी होती. मी परत मुलीकडे गेलो आणि वडिलांच्या जबाबाबद्दल विचारलं. ती घाईघाईने म्हणाली, “बाबांचं नका ऐकू. आई गेल्यापासून ते विसरतात. काहीही बोलतात. त्यांचा जबाब सांगताना कॉन्स्टेबललाही मी तेच म्हटलं.”

डोकं भणभणून गेलं. मग मी तेच केलं जे प्रत्येक पोलीस अडलं की करतो. कोण काय म्हणतं ते बाजूला ठेवलं आणि कोण कुठे होतं ते पाहिलं. नवऱ्याचा लिफ्टचा पास तपासायला सांगितला. ज्या सुमाराला तो मुलाला गाडीपाशी नेल्याचं सांगत होता, त्याच सुमाराला त्याचा पास वरच्या लिफ्टवर लागला होता. कॅफेतल्या बाईला आई चांगली आठवत होती. धाकटीने हॉट चॉकलेट सांडलं होतं आणि दोघींनी मिळून टेबल पुसलं होतं. पट्ट्याजवळ ती नव्हतीच.

म्हणजे दोघंही खोटं बोलत होते. पण खोटं बोलून स्वतःला अडकवत होते! पोटचं पोर बर्फात हरवलंय आणि आईबाप शोधणाऱ्यांना चुकीच्या जागी पाठवताहेत, याचा अर्थ काय लावायचा? एक घाणेरडी शंका माझ्याही मनात येऊन गेली. पोलिसाच्या मनात ती यावीच लागते.

मी आईपुढे जाऊन उभा राहिलो. “तुम्ही कॅफेत होतात. मला कळलंय. तुमच्यामुळे ती मुलं आत्ता नको त्या जागी बर्फ उकरताहेत. खरं बोला.”

ती खुर्चीतच चुरगळल्यासारखी झाली. “तो बाबांजवळ होता,” ती म्हणाली. “सकाळी घरून निघताना भांडण झालं. हे म्हणाले, बाबांच्या एकट्याच्या भरवशावर मुलाला सोडायचं नाही, मागे एकदा गॅस चालू राहिला होता. मी म्हटलं, माझ्या वडिलांना कळतं. आता त्यांनीच हरवला असं झालं तर... त्यांना परत पाठवतील. तिकडे त्यांना कोण आहे? मोकळ्या घरात एकटे बसतील.”

“आणि मुलगा?”

“मला वाटलं, लगेच सापडेल. इथेच कुठेतरी असेल. मग बोलल्यावर मागे कसं फिरायचं ते कळेना.”

नवऱ्याकडे गेलो. पासचं सांगितलं. शेवटी तो खुर्चीवर बसला.

“सकाळी मी त्यांना फार बोललो,” तो म्हणाला. “ते काही न बोलता मागच्या सीटवर बसून राहिले. तुम्ही त्यांचा चेहरा पाहिलात? पोरगा सापडला नाही आणि त्यांच्यामुळे गेला असं त्यांना वाटलं, तर तो माणूस जगायचा नाही. आरोप माझ्यावर राहू दे. मी बघून घेईन.”

बायको वडिलांना नवऱ्यापासून वाचवत होती. नवरा सासऱ्यांना त्यांच्या स्वतःच्याच मनापासून वाचवत होता. आणि आजोबा मुलीचं बोलणं खोटं पडू नये म्हणून मान डोलावत होते. तिघांच्या मायेत पाच वर्षांचं पोर कुठे होतं ते मात्र कुणीच सांगत नव्हतं. खरं म्हणजे एकजण सांगत होता. पण त्याचं ऐकायचं नाही असं आम्हा सगळ्यांना सांगण्यात आलं होतं.

मी आजोबांना हाताला धरून उठवलं. “काका, कुठे उभे होतात ते दाखवा.”

ते तरातरा चालत त्या दारासमोर गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. “इथे. मोजे माझ्याकडे दिले त्याने. एक खाली पडला वाटतं कुठेतरी, हा राहिला. म्हणाला, आबा, यू वेट हिअर. मोठा झालाय, मला आत येऊ देत नाही. मी हललो नाही, साहेब. मुलगी आली, तिने ओढून नेलं, तेवढंच.”

हा माणूस भ्रमिष्ट नाही, असं एक क्षण धरून चाललो. त्याचं वाक्य जसंच्या तसं खरं मानलं. मूल आत गेलं आणि या दाराने बाहेर आलं नाही. मग दुसरं दार असलंच पाहिजे.

आत गेलो. शेवटच्या कोपऱ्यात फरशी पुसायचा दांडा आणि बादली टेकवलेली होती. त्यामागे भिंतीच्याच रंगाचं एक अरुंद दार. सफाई कामगारांसाठीचं. ते कायम कुलूपबंद असतं असं नंतर मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी ढकललं आणि ते उघडलं.

पलीकडे कपडे वाळवायची खोली होती. गरम, दमट, ओल्या लोकरीचा वास. भाड्याचे बूट रांगेने मांडलेले, वर निळी जॅकेटं टांगलेली, खाली कोपऱ्यात निळ्या जॅकेटांचा ढीग. इथेही दाराशी उभं राहून कुणीतरी हाका मारून गेलं होतं. मी ढीग उपसायला लागलो. चौथं की पाचवं जॅकेट उचललं ते जड लागलं. आत मूल होतं. डोक्याला हेल्मेट, कान झाकलेले, तोंड उघडं टाकून घोरत होतं. थंडीने गारठलेलं पोर ऊब बघून शिरलं होतं आणि झोपलं होतं, बस्स.

मी गुडघ्यांवरच बसलो. त्याने डोळे उघडून माझ्या गणवेशाकडे पाहिलं. “व्हेअर्स आबा?”

वाळवणाच्या खोलीचं मोठं दार समोरच होतं. तिथून दोन पावलांवर सगळे जमलेले, त्याची आई तिकडेच होती. पण मी त्याला कडेवर घेतलं, त्या अरुंद दारातून परत फिरलो आणि जिथून तो आत गेला होता त्याच दाराने बाहेर काढला.

आजोबा भिंतीला पाठ लावून उभेच होते. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. हात पुढे केला, नातवाचा उघडा हात धरला आणि त्यात तो लाल मोजा घालू लागले. अंगठा काही जागेवर जाईना. “केवढा वेळ लावलास रे,” ते म्हणाले. मग त्यांचा बांध फुटला.

कामाचं म्हणाल तर पोलिसांना खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. वाऱ्यात जीव धोक्यात घालून गेलेल्या मुलांना मी काय उत्तर देणार होतो? म्हणून दोघा नवरा-बायकोला एकत्र बसवलं आणि जबाब दुरुस्त करायला लावले. एकाचा जबाब दुसऱ्यासमोर वाचून दाखवला. नवऱ्याने काय सांगितलं होतं आणि का सांगितलं होतं, ते ऐकताना ती त्याच्याकडे बघत राहिली. अशी, की जणू या माणसाशी आत्ताच ओळख झाली. मी दोघांना कडक ताकीद दिली आणि प्रकरण तिथेच मिटवलं. खाली उतरताना कॉन्स्टेबलने विचारलं, “सार्ज, ते खोटं नेमकं कशासाठी बोलत होते?” मी इंग्रजीत समजवायला लागलो आणि अर्ध्यात सोडून दिलं.

स्वतःला वाचवणाऱ्या माणसाचं खोटं पकडणं सोपं असतं, ते कायम त्याच्यापासून लांब पळतं. दुसऱ्याला वाचवणाऱ्याचं खोटं कुठे जाईल याचा नेम नाही. त्यानंतर मी एक नियम केला. घरच्या माणसाला कधी दुभाषी करायचं नाही आणि ज्याच्याबद्दल ‘त्याचं ऐकू नका’ असं सांगतात त्याला आधी भेटायचं. तरी मनाचा गोंधळ संपत नाही. त्या तिघांना गुन्हेगार म्हणू की आणखी काय म्हणू, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

एवढं मात्र लख्ख आठवतं. वाहनतळावर नवऱ्याने पोराला खुर्चीत बसवून पट्टा लावला. आजोबा आपण होऊन पुढच्या सीटकडे निघाले होते, मुलापासून लांब. जावयाने त्यांना थांबवलं, मागचं दार उघडून धरलं आणि वाऱ्यातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बाबा, तुम्ही मागे बसा. त्याच्याकडे लक्ष ठेवा.”