चाचांची शेवटची गठाण

“पहिले लोकायचं, मंग आपलं.” चाचांचं हे वाक्य. ऑफिसात चहा आला तरी हेच, कुणाची तक्रार आली तरी हेच. मला त्याचा इतका वैताग यायचा की विचारू नका.

पांढरकवड्याच्या केबल ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं, आणि चाचा मला ते करू द्यायचे नाहीत. मूळचे ते जिनिंगमधले फिटर. कापसाच्या पडत्या वर्षांत जिनिंग बंद पडली, तेव्हा कॅमेरा घेऊन आमच्या लोकल चॅनलवर आले. त्या वर्षांत लग्नं आटोपशीर व्हायची, व्हिडिओवाला कुणाला झेपायचा नाही. चाचा न बोलावता जायचे, शूटिंग करून आमच्या सर्व्हरवर ठेवायचे. त्या घरांकडे दुसरी कॉपी नसायची.

मग सर्व्हरची डिस्क खरखरायला लागली. नवं मशीन आलं. मी म्हटलं, माउसनं ओढून टाकते सगळं. छे! चाचांना कुणीतरी टार नावाची कमांड शिकवलेली. काळ्या पडद्यावर एका बोटानं ती टाइप करायची आणि एकेका गावच्या फिल्मा एका फाइलीत बांधून थेट नव्या मशीनवर पाठवायच्या. त्या फाइलीला ते गठाण म्हणायचे, जिनिंगमध्ये रुईच्या बांधलेल्या गाठीला म्हणतात तसं. बरं बाबा, बांधा. पण गठाणीतून नमुना काढून बघायची जिनिंगची खोडही होतीच. प्रत्येक गठाण सोडून त्यातलं एक लग्न हळदीपासून पाठवणीपर्यंत बघायचे. त्यात लोडशेडिंग. डिस्क मरायला टेकलेली आणि हे नवरीचा मामा कोण ते ओळखत बसलेले!

त्याच डिस्कवर त्यांच्या मुलीचं लग्न होतं. चाची नंतर वारल्या. फोटो काढून घेणं त्यांना कधी आवडलं नाही, हलत्याबोलत्या चाची तेवढ्या एका फिल्ममध्ये उरल्या होत्या. मी अक्षरशः हात जोडले, चाचा, आधी घरचं काढून घ्या.

“घरचे पयल्या पंगतीत बसतेत का?”

“ही पंगत नाही, चाचा. डिस्क कधीही जाईल.”

“मुकुटबनच्या त्या पोरीच्या लग्नात तिचा बाप दिसते, बेटा. आता तो नाही. तिचं राह्यलं तर तिले काय सांगू?”

मुकुटबन झालं, आजूबाजूची खेडी झाली. अगदी शेवटी त्यांनी घरची गठाण बांधायला घेतली आणि भर दुपारी डिस्क बंद पडली ती पडलीच.

अर्धवट आलेली गठाण मी सोडून पाहिली. सुरुवातीचा तुकडा तेवढा निघाला. मांडव, डेगी, चुलीपाशी पाठमोऱ्या चाची. कॅमेऱ्यामागून चाचांचा आवाज, “इधर देखो ना.” चाची न वळता म्हणतात, “ठैरो, हाथ धो के आती.” संपलं.

मी चाचांवर ओरडले, रडलेसुद्धा. ते एवढंच म्हणाले, लोकायचं तर पूरं आलं ना.

चाचा गेले, त्यानंतर त्यांची मुलगी ऑफिसात आली. अब्बा कुठल्या फिल्ममध्ये दिसतात का, तिनं विचारलं. मी सगळं मशीन धुंडाळलं. इतकी लग्नं काढली या माणसानं, एकातही स्वतः नाही. असा राग आला मला! शेवटी तोच तुकडा लावला. ती स्क्रीनपासून उठली आणि स्पीकरजवळ येऊन बसली.

“आवाज वाढवा ना जरा,” म्हणाली.