लेकीच्या बाळंतपणाआधी

चंद्राबाईचं वय अवघं छत्तीस. पण लेकीला दिवस गेले की आई म्हातारी, असा गावाचा कायदा. तिचा नवरा नाथाजी पलटणीत. सन त्रेचाळीसच्या दिवाळीत रजेवर आला नि पुन्हा लढाईवर गेला. पौषात चंद्राबाईला कळलं, आपल्यालाही दिवस गेलेत. आणि घरात थोरली लेक रंगू मलकापूरहून पहिल्या बाळंतपणाला आलेली!

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि ते करायचं आईनं. इथं आईच पोटुशी. बारशाला विहीण येणार, बायका पदराआड हसणार. रांजणाच्या तोंडावर झाकण ठेवता येतं, गावाच्या नाही. पोर लग्नाच्या नवऱ्याचं, त्यात चोरी कसली? तरी शरमेनं तिला घास गिळवेना. पाणवठ्यावर जाताना ती पोटावरचा पदर दहादा ओढायची.

एका दुपारी तिनं राहीबाई सुईणीचं घर गाठलं.

"राहीबाई, मोकळं करा मला."

"आगं, नवरा हाय की तुजा. मग भ्यायचं कशाला?"

"लेकीच्या डोळ्यांम्होरं मी बाळंत हुऊ व्हय? त्यापरास हिरीत उडी घीन."

राहीबाईनं आधी चार शिव्या दिल्या, मग औषध दिलं. चंद्राबाई मरणाच्या दारातून माघारी आली. रंगूला सांगितलं, अंगावरून जातंय, होतं असं. अवघडलेल्या त्या पोरीनं आठ दिवस आईला पेज पाजली, आणि चंद्राबाईला तिच्याकडं बघवेना.

फाल्गुनात रंगूला मुलगा झाला. बारशाला विहीण धोंडुबाई गाडीतून उतरल्या, तशा अंगणातल्या बायका बघतच राहिल्या. सात महिन्यांचं पोट घेऊन विहीणबाई खुशाल हसत होत्या.

"बगताय काय? आमच्यात आता दोन पाळणं हलणार. देवानं दिलं, लाजायचं कशाला?"

बायका खुसखुसल्या, आणि घटकाभरात सगळं विसरून पाळणा म्हणायला बसल्या. गावाचं हसू तेवढंच होतं.

चंद्राबाई बाळंतिणीच्या खोलीत शिरली.

"तुजी सासू पोटुशी हाय, तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग मला का बोलली न्हाईस?"

रंगूनं मान खाली घातली. "सासूचं असलं कसं सांगू आये? लय लाज वाटली."

चंद्राबाईला तिच्यावर रागावता येईना. ही लाज लेकीला तिनंच शिकवली होती. बाहेरून हाका येत होत्या, बाळाला पाळण्यात घालायला आजीला बोलवा, आणि तिचे पाय उंबऱ्याबाहेर पडेनात.