फुकटचा प्रोग्राम

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी आमच्या धाकट्या भावाला तोंडावर म्हणायचे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आम्हा दोघांचं. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळतंय आणि हा आत संस्थांची कामं फुकटात करत बसलाय! अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरपोच डबे देणारी एक संस्था होती. कुणाकडे डबा जायचा, त्याची यादी रोज सकाळी याच्या प्रोग्राममधून निघे. दोन वर्षांत एक तक्रार नाही. "बघ ताई, काम कसं चोख!" म्हणून मिरवायचा.

मग संस्था चालवणाऱ्या बाई तापाने पडल्या, आणि एका म्हाताऱ्या शिंप्याकडे दोन दिवस डबाच गेला नाही. शेजारणीने दार उघडलं तेव्हा तो नुसत्या पाण्यावर होता.

भाऊ धावत गेला. चौकशीत कळलं, प्रोग्राम सहा महिने नवीन नावं गाळत होता. बाई ती रोज पेनाने लिहायच्या.

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"फुकट करता हो तुम्ही," बाई म्हणाल्या. "कुठल्या तोंडाने बोलायचं?"

त्या दिवशी तो जेवला नाही. प्रोग्राम दुरुस्त केला आणि पुढच्या महिन्यापासून त्याने संस्थेला फी लावली. झालं! नातेवाईक तुटून पडले.

"म्हाताऱ्यांच्या डब्यात हात घालतोस?" मामा कडाडले. "त्यापेक्षा ट्रस्ट काढ, देणग्या घे, यांना फुकट दे."

"मग मला जाब देणगीदार विचारतील, मामा. डबा चुकला हे त्यांना कुठून कळणार?"

खरं सांगते, मलाही ते पटलं नव्हतं. लोकांत मान खाली घालावी लागायची. त्यात बाई पैसे द्यायच्या, पण बोलायच्या नाहीतच. हा रोज फोन करी, "काही अडलंय?" तिकडून, "छे छे, सगळं छान." याचा जीव टांगणीला.

दोन महिन्यांनी एका सकाळी फोन वाजला. काउंटरपर्यंत बाईंचा आवाज येत होता.

"काय हो, पैसे मोजून घेता ना? यादीत अख्खी एक गल्ली नाही! माणसं उपाशी मारायचीत का?"

"चुकलं बाई. आलोच."

फोन ठेवून तो काउंटरवर आला. डोळे भरलेले, पण तोंडभर हसू.

"ताई, ओरडल्या गं त्या!"

"मग पळ की मेल्या!" मी म्हटलं, आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात कोंबली.

दीडच्या आत सगळे डबे पोचले.