युनानी स्वारांच्या रिकिबी

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते आणि आमच्याकडं अजून निजामाचं राज्य होतं. तेव्हा नळदुर्गच्या किल्ल्यात एक सिनेमा कंपनी उतरली. सोलापूरकडून दोन लॉऱ्या भरून सामान आलं. सिनेमा एका युनानी, म्हणजे ग्रीक, बादशहाच्या स्वारीवर होता. मी तिथल्या शाळेत तवारीख, म्हणजे इतिहास, शिकवायचो. हैदराबादेत असताना युनानी फौजांवरची दोन-तीन जाड पुस्तकं वाचली होती, आणि ते गावात जरा जास्तच सांगत फिरायचो. तहसीलदारांनी माझं नाव सुचवलं आणि डायरेक्टरनं मला सल्लागार नेमलं. आपल्या विद्येची कुणाला तरी गरज पडली, असं मला वाटलं. एवढा मूर्ख मी पुन्हा कधी झालो नाही.

पहिल्याच दिवशी लॉरीतून पत्र्याची चिलखतं निघाली, मोरपिसं खोवलेली शिरस्त्राणं निघाली, आणि माणसाच्या उंचीचे भाले. मी सांगितलं की त्या लोकांचे भाले तीन माणसांच्या लांबीचे असत. ते दोन्ही हातांनी धरत, ढाल गळ्यात अडकवत, आणि रांगेमागं रांग अशी उभी राहत की समोरच्याला नुसती टोकं दिसावीत. डायरेक्टर हसत हसत ऐकत होता. एवढ्या भाल्यांत हीरोचं तोंड कुठं दिसणार, असं त्यानं विचारलं. किल्ल्याच्या कमानी त्या काळानंतर दीड हजारांहून जास्त वर्षांनी बांधलेल्या आहेत, हेही मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, भिंत ती भिंत.

तीन दिवसांत मी एकेक गोष्ट सोडून दिली. धरून बसलो ती फक्त खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या रिकिबींची. युनानी स्वारांना रिकीब ठाऊकच नव्हती. घोड्याच्या पाठीवर कापड टाकायचं आणि मांड्यांनी घट्ट धरायचं, एवढंच त्यांचं खोगीर. यावर डायरेक्टर म्हणाला की रिकिबीशिवाय माणूस पडतो, त्या अर्थी त्यांच्याकडं रिकिबी असल्याच पाहिजेत. मोठा शोध लावल्यासारखं त्यानं आजूबाजूला बघितलं. आणि त्याचा बादशहा झालेला हीरो तर असा की, दोन माणसं त्याला उचलून घोडीवर बसवायची आणि बसल्यावर तो दोन्ही हातांनी लगाम ओढून धरायचा. घोडीच्या तोंडाला फेस यायचा, त्यात एकदा रक्तही दिसलं.

घोडी गावातल्या एका म्हाताऱ्याची होती. निजामाच्या रिसाल्यात त्यांची नोकरी झाली होती. धावत्या घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली मेख उपटायची, त्या नेजाबाजीत त्यांचं जुनं नाव होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमचा वाद त्यांनी ऐकला होता. संध्याकाळी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, हे खरं का? मी म्हटलं, पुस्तकात तसं आहे.

"पुस्तकातलं मला ठाव न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "पर रिकिबीबिगर भाला मारता येतो. समदं अंग रेटून न्हाय मारायचं. लागला की हात ढिला सोडायचा. न्हाईतर आपुनच मागं पडतो."

त्या जाड पुस्तकांत मला हे कुठं सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोगीर उतरवलं, घोंगडीची घडी घोडीच्या पाठीवर टाकली आणि पट्ट्यानं आवळली. वय साठीच्या पुढचं. मैदानात एक मेख ठोकायला लावली, लांबून घोडी भरधाव सोडली आणि पहिल्याच फेरीत मेख भाल्याच्या टोकावर उचलून आणली. सैनिक म्हणून रोजावर आणलेले शेतकरी सावलीत बसले होते, ते उठून उभे राहिले.

डायरेक्टर म्हणाला, "छान आहे. पण लोकांना वाटेल, आमच्या रिकिबी वाटेत लॉरीतून पडल्या."

त्याची माणसं हसली. मग त्यानं चाचांना सांगितलं की खोगीर-रिकिबी घालून, बादशहाचं शिरस्त्राण चढवून, कॅमेऱ्याकडं पाठ करून घोडी पळवा. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. ते हो म्हणाले. माझा राग मला आवरेना. तुम्ही कशाला या माकडांच्या नादी लागता, असं मी विचारलंच.

"मी बसलो तर घोडी नीट पळंल तरी," ते म्हणाले. "त्यो बसला तर तिचं त्वांड फाडंल."

इतके दिवस मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या घोड्यांसाठी भांडत होतो.

पुढच्या वर्षी सिनेमा सोलापुरात लागला. मी चाचांना घेऊन गेलो. सुरुवातीला पडद्यावर नावं आली, त्यात सल्लागार म्हणून माझंही होतं. चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमचं नाव आलं का? मी नाही म्हटलं. ते हळूच म्हणाले, बेइमान लोक. मी अंधारात मान खाली घातली. पुढं पत्रे खणखणले, कमानीखालून युनानी फौज निघाली. चाचांची पाठ चार-पाच श्वासांपुरती दिसली आणि लगेच हीरोचं तोंड आलं, लाकडाच्या घोड्यावर वरखाली होणारं. लोकांनी शिट्ट्या मारल्या त्या तोंडाला. चाचांनी मात्र फक्त घोडीच बघितली होती. लगाम ढिला दिसला, बरं झालं, एवढंच म्हणाले.

परतीच्या मोटारीत शेजारी तुळजापूरला निघालेला एक कापडदुकानदार होता. त्यानंही सिनेमा बघितला होता. युनानी स्वार रिकिबीत उभं राहून भाला कसा मारत, हे तो आम्हाला हातवारे करून समजावू लागला. चाचांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, असा मारला तर भाला आपल्याच घोड्याच्या मानंत बसंल.

"तुम्ही सिनेमा बघितलाय का?" दुकानदारानं विचारलं.

"व्हय, बघितला."

"मग?" असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं आणि उरलेली लढाई तो पुढच्या बाकावरच्यांना सांगू लागला.